वजन खाली येते तेव्हा : शाळेच्या जिन्यातील स्थितिज ऊर्जेच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

नववीच्या घटक चाचणीचे पेपर तपासून झाले. ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणावरची उदाहरणे बहुतेकांनी बरोबर सोडवली होती. स्थितिज, म्हणजे उंचीमुळे साठणारी ऊर्जा काढायला वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करून पुढे ज्यूल हे एकक लिहायचे, एवढे सर्वांना येते. मुले त्याला नुसते ‘एमजीएच’ म्हणतात. मात्र तोंडी परीक्षेत मी खिडकीतली कुंडी दाखवून तिची स्थितिज ऊर्जा विचारली, तेव्हा उंची कोठून मोजायची, असे उलट विचारणारे चाळीसांत दोघेच निघाले. इतरांनी ज्या उंचीचा अंदाज बांधला, ती काहींनी वर्गाच्या फरशीपासून धरली होती आणि काहींनी मैदानापासून, आणि आपण काहीतरी ठरवून टाकले आहे याची जाणीव कोणालाच नव्हती.

म्हणून वजन खाली येताना दिवा लागेल असे एक उपकरण मुलांच्या हातून करून घ्यायचे ठरवले. कागदावरचा पहिला हिशेब असा : वीस किलोग्रॅम वाळूची गोणी, प्रयोगशाळेत मिळणारी उंची २.८५ मीटर, गुरुत्वत्वरण ९.८, म्हणून ऊर्जा ५५८.६ ज्यूल. घरातला साधा नऊ वॅटचा एलईडी बल्ब यावर, काहीही वाया न जाता, ६२ सेकंद चालेल. वीस किलो वजन छताला नेऊन पदरात पडणार एक मिनिट उजेड, हे ऐकून मुलांचे चेहरे उतरले. माझ्या मते या हिशेबाचा खरा उपयोग तेवढाच आहे. ज्यूल हे किती लहान माप आहे, ते पुस्तकातल्या उदाहरणांतून कधी कळत नाही.

हा आकडा दोन ठिकाणी चुकलेला होता. ते कळायला पुढे दोन आठवडे लागले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरून बारा व्होल्टची, मिनिटाला दहा फेऱ्यांची गिअर मोटर ६५० रुपयांना आणली. कल्पना अशी होती की मोटर उलटी फिरवली की ती जनित्राचे काम करते, आणि आत गिअर असल्यामुळे बाहेरचा दांडा सावकाश फिरला तरी आतला भाग वेगाने फिरेल. रविवार कारंजाजवळून लोखंडी कप्पी १२० रुपयांना आणि चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी मिळाली. वाळू शाळेच्या कुंपणाचे काम चालू आहे तेथून गवंडीदादांनी दिली.

१९ ते २१ नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाच्या कामावर होतो. २० तारखेला मतदान झाले, २१ चा दिवस झोपेत गेला. प्रकल्पाचे तीन दिवस गेले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी शाळेजवळच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गोणी बरोबर २०.० किलोग्रॅम भरली. निकालाचा दिवस असल्यामुळे बाहेर फटाके आणि गुलाल चालू होता, आणि मुलांचे अर्धे लक्ष तिकडे होते.

मोटर भिंतीवरच्या अँगलला पक्की केली, दांड्यावर चार सेंटिमीटर व्यासाचे लाकडी रीळ बसवले, दोरी गुंडाळली आणि गोणी सोडली. गोणी जागची हलली नाही. एका मुलाने ती हाताने किंचित खाली ओढली, तेव्हा आतून ‘कट’ असा आवाज आला आणि मग गोणी भरकन खाली आली. मोटर उघडल्यावर गिअरचे दोन दाते तुटलेले दिसले. मोटरचा वेग कमी करणारी दातेचक्रांची साखळी उलट्या बाजूने फिरवायची तर तिच्यातले प्रत्येक घर्षण कितीतरी पटींनी वाढून समोर येते. ज्या मोटरच्या फेऱ्या जितक्या कमी, ती उलटी फिरवणे तितके अवघड. ६५० रुपये गेले. हे काम करणाऱ्यांनी मिनिटाला शंभराहून कमी फेऱ्यांची मोटर घेऊ नये. खरे तर मोटरच घेऊ नये, तिच्याऐवजी काय वापरले ते पुढे आले आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

अंबड लिंक रोडवरच्या भंगाराच्या दुकानातून सायकलचे पुढचे चाक टायरसकट २५० रुपयांना, आणि जुना सहा व्होल्टचा डायनॅमो (सायकलच्या दिव्याचे जनित्र) १८० रुपयांना मिळाला. चाक वाकडे होते. सायकलवाल्याने स्पोक आवळून रिमचा आउट काढला, छर्रे धुऊन ग्रीस भरले आणि शाळेचे काम म्हणून पैसे घेतले नाहीत. चाक चिमट्यासकट अँगलवर बसवले. ११० मिलिमीटर व्यासाच्या पाण्याच्या पाइपचा तुकडा प्लायवूडच्या चकतीवर स्क्रूने धरून स्पोकला बांधला आणि त्याच्यावर दोरी गुंडाळली. डायनॅमोचे डोके टायरला टेकवले आणि त्याला चार पांढरे एलईडी एका रोधासह जोडले.

दुपारी दोन वाजता गोणी सोडली. एलईडी एक क्षण लख्ख पेटले आणि विझले ते कायमचेच. गोणी दीड सेकंदाच्या आत जमिनीवर आदळली, फरशीला तडा गेला, आणि चाक थांबण्याऐवजी तसेच फिरत राहून दोरी उलटी गुंडाळू लागले व गोणीला वर हिसडा बसून दोरी गाठीतून तुटली. सुदैवाने मुलांना मी खडूच्या रेघेबाहेर उभे केले होते. हे वाचून कोणी असा प्रयोग करणार असेल, तर ती रेघ वजनापासून किमान दोन मीटरवर आखावी आणि वजन खाली येत असताना कोणालाही आत येऊ देऊ नये. प्रयोगशाळेतल्या मामांनी तडा पाहिला, पण ते काही बोलले नाहीत; सोमवारी मुख्याध्यापक बोलले. फरशी बदलण्याचे ४०० रुपये मी भरले.

३० नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर काम बंद होते, पण एका मुलीने पडणाऱ्या गोणीचे चित्रीकरण भ्रमणध्वनीवर करून ठेवले होते. या संपूर्ण प्रकल्पात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू ती हीच. भिंतीवर आधी काढलेल्या दर दहा सेंटिमीटरच्या खुणांवरून चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली, तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली गोष्ट उंचीची. गोणी खाली आली ती २.८५ मीटर नव्हे, तर २.४० मीटर. मी १६ तारखेला फरशीपासून गोणीच्या वरच्या गाठीपर्यंत मोजले होते, आणि गोणी ४५ सेंटिमीटर उंच होती. सुरुवातीला गोणीचे टोक मोजायचे आणि शेवटी तिचा तळ, असे केले की वस्तूची स्वतःची लांबी उंचीत मिसळते. टोक धरा, तळ धरा, मध्य धरा, कोणताही बिंदू चालतो, पण दोन्ही वेळा तोच धरायला हवा. खरी ऊर्जा ४६९ ज्यूल होती; ८८ ज्यूल मी गाठीतून काढले होते. वीस वर्षे हे प्रकरण शिकवणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी, हे लिहिताना बरे वाटत नाही, परंतु नोंदवही त्याचसाठी आहे.

दुसरी गोष्ट ऊर्जा गेली कोठे, ही. गोणीला खाली यायला १.४ सेकंद लागले, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १.७ मीटर, वेग एकसारखा वाढत गेला असे धरले तर आदळतानाचा वेग दुप्पट, सुमारे ३.४ मीटर. त्या वेगाने वीस किलोची गतिज, म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा ११६ ज्यूल होते. फरशीला तडा याच ११६ ज्यूलनी गेला. मुले म्हणाली, मग उरलेले साडेतीनशे दिव्यात गेले का? दिवे तर पाव सेकंदही टिकले नव्हते. उत्तर चाकात होते. रिळाची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर आणि टायरची तेहेतीस, म्हणजे गोणीच्या सहापट वेगाने टायर धावत होता : सेकंदाला २०.४ मीटर, तासाला सुमारे ७३ किलोमीटर. रिम आणि टायर मिळून अंदाजे दीड किलो धरले, तर त्यांची गतिज ऊर्जा ३१२ ज्यूल. ११६ आणि ३१२ मिळून ४२८. बाकी राहिलेल्या ४१ ज्यूलमध्ये डायनॅमो, छर्रे, हवा आणि चार जळालेले एलईडी. हा हिशेब फळ्यावर पूर्ण झाला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती मला एरवी शिकवून कधी मिळालेली नाही.

डायनॅमोने वजनाला पुरेसे अडवलेच नव्हते, एवढाच याचा अर्थ. वजन हळू उतरले, तरच त्याची ऊर्जा दिव्याला मिळणार. वेगाने उतरले, तर ती वेगातच राहणार. म्हणून वजन कमी करायचे, रीळ बारीक करायचे आणि उंची वाढवायची.

संध्याकाळी निघताना सहज गोणी पुन्हा काट्यावर ठेवली. १८.७ किलोग्रॅम. गवंडीदादांची वाळू ओली होती आणि आठवड्यात ती वाळली. म्हणजे वस्तुमानही रोज बदलत होते, आणि ही दुसरी चूक. वाळूचे काम बंद.

७ डिसेंबर, शनिवार

मुख्याध्यापकांच्या परवानगीने उपकरण जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत हलवले. चाक दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला लोखंडी चौकटीवर बसवले (वेल्डिंगसह ८७० रुपये), आणि दोरी कप्पीवरून मध्यभागी सोडली. तळाशी लाकडी खोके ठेवून त्यात जुनी वाळू भरली, म्हणजे वाळूही कामाला आली आणि फरशीही वाचली. खाली चारही बाजूंनी बाके लावून वाट बंद केली आहे.

वजन म्हणून खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने काठोकाठ भरून त्याचे झाकण चिकटपट्टीने बंद केले. काट्यावर ५.२४ किलोग्रॅम भरले. पाणी वाळत नाही, कॅन फुटला तरी कोणाला इजा होत नाही, आणि पुन्हा भरला की तेच वस्तुमान येते.

अंबडच्या लेथवाल्याकडून चार सेंटिमीटर व्यासाचे, बारा सेंटिमीटर लांबीचे रीळ ३०० रुपयांत करून घेतले आणि ते लांब एक्सलवर हबच्या शेजारी बसवले. पहिलीच फेरी फसली. चार मिलिमीटरची दोरी रिळावर मावेना; पन्नासेक वेढ्यांना वीस सेंटिमीटर रुंदी लागते, हे आधी मोजायला हवे होते. वेढ्यांवर वेढे चढले, कॅन कधी सावकाश तर कधी झटक्याने उतरू लागला, आणि अर्ध्या वाटेत दोरी दोन वेढ्यांच्या फटीत अडकून तो हवेत लोंबकळत राहिला. त्याला काढण्यात दीड तास गेला. पडद्यांच्या पट्ट्यांना वापरतात ती दोन मिलिमीटरची विणलेली दोरी ९० रुपयांना आणली. ती एका थरात बसते.

८ डिसेंबर, रविवार

ऊर्जेचा आकडा कॅन सोडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतः काढायचा, असे ठरले होते. येथे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो जाऊ दिला याचे समाधान आहे.

एका मुलाने जिन्याच्या पायऱ्यांवरून टेप टाकत नेला होता आणि त्याची उंची चौदा मीटरहून जास्त आली होती. ‘सर, कॅन मी पायऱ्यांवरूनच वर आणला ना?’ हा त्याचा प्रश्न योग्य होता. आम्ही ओळंबा सोडला. वाट कितीही फिरून गेली, तरी गुरुत्वबलाच्या विरुद्ध झालेली वाटचाल फक्त ओळंब्याच्या रेषेतली असते. आडवे चालण्यात ते बल कार्य करत नाही. त्याला हे पटले, पण लगेच त्याने विचारले की मग पाय का दुखतात. याचे उत्तर आकड्यात देता आले. त्याचे वजन ४२ किलो. स्वतःला ६.८० मीटर वर नेताना त्याच्या शरीराला मिळालेली स्थितिज ऊर्जा २७९३ ज्यूल, आणि कॅनची ३४८. म्हणजे कॅन वर न्यायला गेलेल्या माणसाने कॅनच्या आठपट काम स्वतःसाठी केले होते, आणि खाली उतरताना ते सगळे पायांत आणि पायऱ्यांत उष्णता होऊन संपले. त्यानंतर कॅन उचलून नेणे आम्ही बंद केले. डायनॅमो टायरपासून दूर करून चाक हाताने उलटे फिरवले, की तो आपोआप वर येतो.

दुसरा वाद शून्याचा. जिन्याखाली पाण्याची जुनी टाकी आहे. एक मुलगी म्हणाली, फरशी काढली तर कॅन आणखी खाली जाईल. मग त्याच्यात आत्ता साठलेली ऊर्जा ३४८ की त्याहून जास्त? मी उत्तर दिले नाही. तीन गट केले आणि तीन शून्ये वाटून दिली. कॅनचा तळ सुरुवातीला तळमजल्याच्या फरशीपासून ६.९५ मीटरवर असतो आणि वाळूच्या खोक्यावर टेकतो तेव्हा ०.१५ मीटरवर. पहिल्या गटाने शून्य फरशीवर धरले. त्यांना वर ३५६.२ आणि खाली ७.७ ज्यूल मिळाले. दुसऱ्या गटाने पहिल्या मजल्याचा सज्जा शून्य मानला, जो ३.४० मीटरवर आहे. त्यांना वर १८१.९ आणि खाली उणे १६६.६. तिसऱ्या गटाने गच्ची धरली, १०.४० मीटर, त्यांचे दोन्ही आकडे उणे आले, उणे १७६.८ आणि उणे ५२५.३, आणि त्यांना आपले गणित चुकले असेच वाटले. त्यांनी दोनदा खोडले. मग तिन्ही गटांनी वरच्या आकड्यातून खालचा वजा केला आणि तिघांचेही उत्तर ३४८.५ आले.

उणे ऊर्जा म्हणजे काय, हा प्रश्न गच्चीवाल्यांनी सोडला नाही. मी त्यांना सांगितले की कॅनला गच्चीपर्यंत न्यायला तेवढे देणे बाकी आहे. उसनवारीची भाषा त्यांना लगेच कळली. १८५३ मध्ये ‘स्थितिज ऊर्जा’ ही संज्ञा रूढ करणारे रँकिन हे स्कॉटलंडचे अभियंते होते. अभियंत्याला साठ्याशी नव्हे, तर दोन स्थितींमधून काय हाती लागते याच्याशी कर्तव्य असते, आणि जिन्यात उभे राहून आम्हीही तेच करत होतो.

मग कॅन सोडला. तो इतका शांतपणे उतरला की दिवा लागेपर्यंत तो सुटला आहे हेच काहींना कळले नाही. ६.८० मीटरला ३१ सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम २२ सेंटिमीटर. वाळूवर टेकताना आवाजही आला नाही. दोन आठवड्यांपूर्वीच्या तड्याची तुलना कोणी करून द्यावी लागली नाही.

विभवांतर मोजायला लावलेल्या मल्टिमीटरने मात्र शून्य दाखवले. पाऊण तास जोडण्या तपासल्यावर लक्षात आले की सायकलचा डायनॅमो प्रत्यावर्ती (एसी, दिशा बदलत राहणारी) विद्युत देतो आणि मल्टिमीटरची खिट्टी दिष्ट (डीसी, एकाच दिशेच्या) विद्युतवर होती.

१४ डिसेंबर, शनिवार

आज आकड्यांचा दिवस. एलईडीच्या जागी बारा ओहमचा सिमेंटचा रोध जोडला, कारण त्याच्यावरून शक्ती काढणे सोपे जाते. पाच फेऱ्यांत सरासरी विभवांतर ४.४ व्होल्ट मिळाले. त्याचा वर्ग भागिले बारा, म्हणजे १.६ वॅट, ३१ सेकंदांत ५० ज्यूल. दिले ३४८.५, मिळाले ५०. सुमारे चौदा टक्के.

उरलेले कोठे गेले, हे शोधण्याची युक्ती एका विद्यार्थिनीची आहे आणि ती मला सुचली नसती. कॅन एकसारख्या वेगाने उतरत असताना त्याच्या वजनाचा प्रत्येक वाटा कशाला तरी तोल देत असतो. म्हणून कॅन काढून पिशवीत थोडी थोडी वजने टाकायची आणि चाक हाताने ढकलून दिल्यावर किमान किती वजनावर ते फिरत राहते, ते पाहायचे. डायनॅमो टायरपासून दूर असताना २८० ग्रॅम पुरले. म्हणजे छर्रे, कप्पी आणि दोरी यांचा वाटा ५.२४ किलोंपैकी २८० ग्रॅम, सुमारे पाच टक्के. डायनॅमो टेकवला पण त्याच्या तारा मोकळ्या ठेवल्या, तेव्हा १.९ किलो लागले. म्हणजे वीज अजिबात न घेताही, टायर दाबला जाण्यात आणि डायनॅमोचे डोके फिरवण्यातच आणखी एकतीस टक्के जातात. दिव्याचे चौदा धरले तर हिशेब पन्नासावर येतो. उरलेला अर्धा भाग वेग वाढल्यावर वाढणाऱ्या नुकसानीचा आहे, डायनॅमोच्या लोखंडात आणि वेटोळ्यात तापण्याचा. शिवाय शेवटी फिरत राहणाऱ्या चाकातले नऊएक ज्यूल. ही पद्धत ढोबळ आहे, कारण हळू फिरताना आणि वेगाने फिरताना घर्षण सारखे नसते, पण पहिली दुरुस्ती कोठे करायची हे तिने दाखवून दिले. डायनॅमोची स्प्रिंग एक वेढा सैल केली आणि घर्षण घटल्यामुळे कॅन ३१ सेकंदांपेक्षा लवकर उतरू लागला. आणखी सैल केली तर डोके घसरते आणि दिवा मिणमिणतो.

डायनॅमो आणि टायर खरोखरच तापतात का, हे हात लावून पाहण्याचा मोह सर्वांना झाला, आणि अर्थातच काही कळले नाही. तीनशे ज्यूलने ग्लासभर पाण्याचे तापमान अर्धा अंशही वाढत नाही. ज्यांच्या नावाने आपण हे एकक वापरतो, त्या जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात पडणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून हीच उष्णता मोजली होती. वजने वीसदा खाली सोडूनही त्यांच्या पाण्याचे तापमान एक फॅरेनहाइट अंशही वाढत नसे. आमच्या तापमापीवर अर्ध्या अंशाच्या खुणा आहेत, त्यामुळे तो बेत सोडून दिला.

आणखी एक वाद येथेच मिटवतो. गुरुत्वत्वरण ९.८ घ्यायचे की ९.८१, यावर दोन मुले हमरीतुमरीवर आली होती. नाशिक विषुववृत्तापासून वीस अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे येथील मूल्य ९.७८ च्या आसपास येते. म्हणून या नोंदींत ८ तारखेपासून मी तेच वापरले आहे आणि मागचे आकडेही दुरुस्त केले आहेत, फक्त १६ नोव्हेंबरचा आकडा मूळ चुकीसकट ठेवला आहे. परंतु ९.८ आणि ९.७८ यांतला फरक आमच्या कॅनसाठी ०.७ ज्यूलचा आहे, आणि टेप धरताना दीड सेंटिमीटरची चूक झाली की तेवढाच फरक पडतो. दुसऱ्या दशांशावर भांडण्यापेक्षा टेपचे दुसरे टोक कोणी धरले आहे ते पाहावे.

१५ डिसेंबर, रविवार

चौदा टक्के म्हणजे आपले उपकरण टाकाऊ, असे काल एकजण म्हणाला होता. म्हणून आज माझ्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाची मोजणी केली. खालच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत १३.४ मीटर. एक हजार लिटर पाणी तेथे नेले की त्याची स्थितिज ऊर्जा १,३१,०५२ ज्यूलने वाढते. विजेच्या एका युनिटात छत्तीस लाख ज्यूल असतात, त्यांनी भागले की ०.०३६ युनिट. वीजमीटरवर एका युनिटला दिव्याच्या ३२०० लुकलुकी असे लिहिले आहे. पंप चालू असताना मिनिटाला ५८ मोजल्या (पंपाशिवाय त्या मीटरवर तेव्हा काही चालू नव्हते), आणि हजार लिटरला सोळा मिनिटे लागली. म्हणजे ०.२९ युनिट. साडेबारा टक्के! जुना पंप, अर्ध्या इंचाने कमी पडणारा पाइप आणि चार कोपर यांनी मिळून आमच्या भंगारातल्या चाकापेक्षाही वाईट काम केले. सोसायटीच्या सचिवांना आकडा दाखवला. ते पुढच्या सभेत विषय घेणार आहेत.

भंडारदऱ्यापलीकडे घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. तेथे वीज शिल्लक असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडतात. मोठ्या यंत्रांना आणि रुंद बोगद्यांना हे जमते, अर्ध्या इंचाने कमी पडणाऱ्या पाइपला नाही. मुलांना तेथे न्यायचे आहे, पण ते या वर्षी होणार नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

उपकरण दुसऱ्या तुकडीच्या हाती दिले आणि मी मुद्दाम काहीच सांगितले नाही. त्यांचा आकडा ३६४.४ ज्यूल आला. वर कॅनची मूठ मोजली होती आणि खाली कॅनचा तळ. कॅन ३१ सेंटिमीटर उंच आहे. माझीच चूक, नव्या हातांनी. मी चित्रफीत लावून दिली आणि बाहेर जाऊन बसलो. वीस मिनिटांनी त्यांनी स्वतःच ३१ सेंटिमीटर शोधून काढले.

एकूण खर्च ३०२० रुपये. त्यातले ६५० मोटरचे आणि ४०० फरशीचे, हे वाचवता आले असते. एलईडी, रोध, डायोड आणि तारा मिळून १६० झाले. वेळ सहा शनिवार आणि तीन रविवार. डायनॅमोची विद्युत दिष्ट करण्यासाठी साधे डायोड घेऊ नयेत, शॉट्की डायोड घ्यावेत. साध्यांत एलईडीच्या वाट्याचे व्होल्टभर विभवांतर वाया जाते आणि इतक्या कमी विभवांतराला ते परवडत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

कॅनच्या तळापासून दहा सेंटिमीटरवर आडवी लाल रेघ काढली आहे, आणि ती सुरुवातीला व शेवटी जेथे येते तेथे भिंतीवर तशाच दोन रेघा. उंची फक्त या दोन रेघांमधली मोजायची. रेघ ऑइल पेंटची आहे. परवा काढलेली पोस्टर कलरची रेघ कॅनवर साठलेल्या थेंबांनी रात्रीत ओघळली होती.